रस्त्याच्या कंत्राटाचा हिशोब लावताना: निविदेपासून दोषदायित्व संपेपर्यंत

रस्त्याच्या कामात पैसे कुणी खाल्ले, हे सामान्य नागरिकाला सहसा सिद्ध करता येत नाही. पाकीट दिल्याची पावती कुणी फाडत नाही. पण त्या पाकिटातले पैसे कुठून तरी काढावे लागतात आणि ते कामातूनच निघतात. कुठे काँक्रीटची जाडी कमी होते, कुठे न झालेल्या डंपरच्या फेऱ्या बिलाला लागतात, कुठे कागदावर मुरुमाचा कठीण खडक होतो. या प्रत्येक गोष्टीला आकडा असतो आणि तो मुंबई महापालिकेच्याच कागदांत कुणाच्या तरी सहीने लिहिलेला असतो. म्हणून इथे भर माणसांवर नाही, मापांवर आहे. निविदेतलं माप, मोजमाप पुस्तिकेतलं (झालेल्या कामाची मापं अभियंता जिथे लिहितो त्या वहीतलं) माप आणि रस्त्यावरचं माप ही तिन्ही एका कागदावर शेजारी शेजारी मांडायची. फरक निघाला तर त्याचं उत्तर अभियंत्याला द्यावंच लागतं.

आधी रस्ता कुणाचा ते ठरवा

मुंबईत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बहुतेक रस्ते महापालिकेचे, पण काही एमएमआरडीएचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही म्हाडाच्या वसाहतीतले, बंदर आणि रेल्वेच्या जमिनीवरचे वेगळेच. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले, त्यामुळे त्याआधीच्या कामाचे कागद एका कार्यालयात आणि नंतरचे दुसऱ्या, असं होतं. महापालिकेतही दोन घरं आहेत. गल्लीबोळाची डागडुजी, पेव्हर ब्लॉक, पदपथ ही कामं वॉर्डाच्या परिरक्षण विभागाकडे. मोठं काँक्रीटीकरण रस्ते विभागाकडे, आणि तोही शहर, पूर्व उपनगरं, पश्चिम उपनगरं असा वाटलेला.

कामाच्या जागी माहिती फलक असायला हवा. त्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. कंत्राटदार, कामाची रक्कम, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, दोषदायित्व कालावधी (ज्या काळात दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे) एवढं त्यावर असलं पाहिजे. फलकच नसेल तर तेवढ्यावर तक्रार करून थांबू नका, पण नोंद ठेवा. काँक्रीटीकरणाच्या रस्त्यांसाठी महापालिकेने सार्वजनिक डॅशबोर्डही केला आहे, तिथून रस्त्याचं अधिकृत नाव आणि हद्द मिळते. नाव हुबेहूब तेच वापरा. 'मार्केटसमोरचा रस्ता' असं लिहिलं की उत्तर येतं: 'अशा नावाचा रस्ता अभिलेखात आढळत नाही.'

आणि काम एकच निवडा. अख्ख्या वॉर्डाची तीन वर्षांची माहिती मागणारा अर्ज दमदार दिसतो, पण मिळते ती शेकडो पानांची रद्दी. दोनशे मीटरच्या एका रस्त्याचा हिशोब पूर्ण लावलात तर पुढचे दहा रस्ते लवकर वाचता येतात.

निविदा: तारखा, अटी, तुकडे

महापालिकेच्या निविदा राज्य सरकारच्या महाटेंडर्स पोर्टलवर सापडतात. चालू निविदा, मुदत संपलेल्या निविदा, शुद्धिपत्रकं (निविदेत नंतर केलेले बदल) आणि निकाल वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. जुनी निविदा शोधताना विभागाचं नाव आणि कामाच्या नावातला एखादा शब्द टाका. सापडली की संपूर्ण दस्तऐवज लगेच उतरवून ठेवा. नंतर तो तिथेच असेल याचा भरवसा नाही.

सगळ्यात आधी तारखा बघा. प्रसिद्धी कधी, निविदापूर्व बैठक कधी, भरण्याची शेवटची तारीख कधी. केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम जाहीर निविदेला साधारण किमान तीन आठवडे द्यायला सांगतात. ते महापालिकेला जसेच्या तसे लागू नाहीत, पण मोजपट्टी म्हणून चांगले आहेत. मुदत पाच-सहा दिवसांची असेल तर 'अल्प मुदत' का, याचं कारण फाइलवर लिहिलेलं असलं पाहिजे. ऑनलाइन पद्धतीने सगळं स्वच्छ होतं या समजात राहू नका. २०१४ मध्ये मुंबई महापालिकेतच उघड झालेल्या ई-निविदा प्रकरणात निविदा भरण्याची खिडकी मोजके तास, तीही रात्रीबेरात्री उघडून बंद केल्याचं चौकशीत आढळलं होतं. म्हणजे निविदा ऑनलाइन होती, स्पर्धा नव्हती.

मग पात्रतेच्या अटी. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली बांधकामांसाठी घालून दिलेला निकष असा: मागच्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्के किमतीची तीन सारखी कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक, आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या किमान ३० टक्के. तुमच्या निविदेतल्या अटी यापेक्षा फार कडक असतील, तर त्या कुणाला बाहेर ठेवण्यासाठी लिहिल्या आहेत ते बघा. नेहमी दिसणारे प्रकार म्हणजे प्लांट कामाच्या जागेपासून अमुक किलोमीटरच्या आतच हवा. एका विशिष्ट यंत्राची मालकीच हवी, भाडेकरार चालणार नाही. 'सारखं काम' याची व्याख्या इतकी अरुंद की शहरात दोघांकडेच ते प्रमाणपत्र असावं. यातल्या काही अटींना खरं तांत्रिक कारण असतं. तयार काँक्रीट लांबून आणलं तर ते वाटेतच बसायला लागतं, त्यामुळे अंतराची अट दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नका. शंका घ्यायची ती शुद्धिपत्रकावर. निविदापूर्व बैठकीनंतर अट सैल झाली की कडक झाली, आणि कुणाच्या पत्रावरून झाली? त्या बैठकीचं इतिवृत्त मागवता येतं आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात बोलका कागद निघतो.

तुकडे पाडणं हा जुना मार्ग आजही चालतो. ई-निविदेची किंवा वरिष्ठांच्या मंजुरीची जी रक्कममर्यादा असेल, तिच्या जरा खाली बसतील अशी एकाच रस्त्याची चार कामं काढायची. नावं बघा: 'अमुक मार्ग, क्रमांक १ ते ४० घरांपर्यंत', 'अमुक मार्ग, उर्वरित भाग'. चारही कार्यादेश (काम सुरू करण्याचे आदेश) एकाच आठवड्यातले असतील आणि चारही रकमा मर्यादेला खेटून असतील, तर वेगळा पुरावा लागत नाही. त्याहून उघड प्रकार म्हणजे निविदाच न काढणं. महालेखापरीक्षकांनी महापालिकेच्या ७६ कामांची तपासणी केली, त्यांची किंमत सुमारे १२,०२४ कोटी रुपये आणि काळ नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२. मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या त्या अहवालात २१४ कोटींची २० कामं निविदेविना दिल्याची नोंद आहे. ६४ कामांत तर कंत्राटदाराशी करारनामाच झालेला नव्हता. म्हणून करारनामा आहे का, हा प्रश्न बालिश वाटला तरी विचारा.

पाकिटं उघडल्यानंतर

महापालिकेच्या मोठ्या कामांत निविदेची 'अ', 'ब', 'क' अशी तीन पाकिटं असतात. पहिल्या दोनांत अनामत रक्कम, कागदपत्रं, तांत्रिक पात्रता. 'क' मध्ये दर. बरेच खेळ 'क' उघडण्याआधीच संपतात. कुणाला कोणत्या त्रुटीवर बाद केलं आणि तीच त्रुटी दुसऱ्याला 'पूर्तता करा' म्हणून माफ केली का, हे तांत्रिक छाननीच्या तक्त्यात दिसतं. तो तक्ता मागा.

दरांचा तुलनात्मक तक्ता पोर्टलवर निकालासोबत बऱ्याचदा असतोच. कंत्राटदारांनी आपसांत ठरवून निविदा भरल्याच्या खुणा अशा: सगळे दर एका अरुंद पट्ट्यात, हरलेल्यांच्या दरांत ठरावीक अंतर, वेगवेगळ्या कंपन्यांच्या अनामत रकमेचे बँक कागद एकाच शाखेचे आणि लागोपाठच्या क्रमांकांचे, एकाच सनदी लेखापालाची सही, पत्त्यातला तोच गाळा. याहून भक्कम खूण दिसते ती वर्षभराच्या निविदा एकत्र मांडल्यावर. पाच कंत्राटदार, पाच विभाग, प्रत्येकजण आपापल्या विभागात सर्वात कमी आणि इतरत्र थोडा जास्त. हरलेलाच पुढे उपकंत्राटदार म्हणून कामावर दिसला तर वाटणी पूर्ण झाली. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली हा प्रकार स्पर्धा आयोगापुढे नेता येतो. पण त्यासाठी एका रस्त्याचा नव्हे, अनेक निविदांचा नमुना लागतो, तेव्हा हे काम एकट्याने अंगावर घेऊ नका.

अंदाजित रकमेपेक्षा फार कमी दर आला की लोक खूश होतात. उलट तिथे जास्त लक्ष द्या. अंदाजपत्रकच फुगवलेलं होतं, किंवा तूट कामाच्या दर्जातून भरून निघणार, किंवा 'वाढीव कामा'तून. महापालिकेत बहुतेकदा कंत्राटदार सगळ्या अंदाजपत्रकावर एकच टक्केवारी भरतो, इतके टक्के कमी किंवा जास्त. त्यामुळे खरी कमाई कोणत्या आयटमचं प्रमाण पुढे वाढतं यावर ठरते. इथून मोजमाप पुस्तिकेचं महत्त्व सुरू होतं.

माहिती अधिकाराचा अर्ज: काय मागायचं

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. ऑनलाइन अर्जही करता येतो. 'का', 'कसं', 'योग्य आहे का' असे प्रश्न विचारू नका. जन माहिती अधिकाऱ्याने मत द्यायचं नसतं, अभिलेख द्यायचा असतो. मजकूर साधारण असा ठेवा:

'अमुक मार्ग, अमुक चौक ते अमुक चौक, या रस्त्याच्या काँक्रीटीकरणाबाबत (कार्यादेश क्रमांक व दिनांक …) पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: १) मंजूर अंदाजपत्रक व आयटमनिहाय परिमाणपत्रक, २) मंजूर आडवे छेद व रेखाचित्रं, ३) करारनामा, ४) मोजमाप पुस्तिकेची संबंधित सर्व पानं, ५) आजवरची सर्व चालू देयकं व अंतिम देयक, ६) वाढीव व जादा आयटमची मंजुरी व दरपृथक्करण, ७) काँक्रीटची डिलिव्हरी चलनं, ८) घन व कोअर चाचणी अहवाल, ९) डेब्रिज वाहतुकीची चलनं व वजनपावत्या. प्रती देण्याआधी मला मूळ अभिलेखांचं निरीक्षण करायचं आहे.'

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. निरीक्षण, टिपणं काढणं, इतकंच नाही तर साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येत बसतं. आधी फाइल बघितली की नेमकी कोणती पानं हवीत ते कळतं आणि चारशे चलनांच्या प्रतींचा खर्च वाचतो. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अर्जाविना अभिलेख बघू देण्याचा राज्याचा नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. तुमच्या कार्यालयात ती सोय चालू आहे का, हे फोन करून आधी विचारा.

उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत उलटली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. प्रत्येकी २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. नकाराची ठरलेली वाक्यं असतात. 'माहिती त्रयस्थ पक्षाची आहे': कलम ११ खाली कंत्राटदाराचं म्हणणं मागवायचं असतं, पण त्याला नकाराधिकार नाही. 'वाणिज्यिक गोपनीयता, कलम ८(१)(घ)': काम देऊन, बिल देऊन झाल्यावर मोजमापात गोपनीय काय उरलं ते अपिलात विचारा आणि कलम ८(२) मधलं व्यापक जनहित मांडा. 'माहिती दुसऱ्या विभागाशी संबंधित आहे': मग कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत त्यांनीच तिकडे पाठवायचा, तुम्ही हेलपाटे मारायचे नाहीत. 'फाइल वर गेली आहे' हे मात्र कोणत्याच कलमात बसत नाही. आयोगाकडची रांग मोठी असते, त्यामुळे दुसऱ्या अपिलाची वाट बघत बसण्यापेक्षा फक्त मोजमाप पुस्तिकेपुरता छोटा नवा अर्ज टाकणं बरं.

मोजमाप पुस्तिका वाचणं

सगळी मेहनत इथेच करायची आहे. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. तिच्या प्रत्येक ओळीत आयटम, संख्या, लांबी, रुंदी, खोली आणि गुणाकार असतो. मोजणाऱ्याची सही दुय्यम किंवा कनिष्ठ अभियंत्याची, तपासणाऱ्याची वरच्याची. बिल यावरूनच निघतं. एमबीत नाही ते बिलात येऊ शकत नाही, निदान येऊ नये.

गणित एका उदाहरणावर करू. रस्ता २०० मीटर लांब, ६ मीटर रुंद, काँक्रीटची जाडी रेखाचित्रात २८० मिलिमीटर. म्हणजे २०० × ६ × ०.२८ = ३३६ घनमीटर. ट्रान्झिट मिक्सर साधारण ६ घनमीटरचा, म्हणजे ५६ गाड्या. आता चलनं मोजा. ४८ निघाली तर ४८ घनमीटर काँक्रीट कुठे गेलं? उलट ६५ निघाली तर ती दुसऱ्या रस्त्याची चलनं इथे लावली आहेत का? चलनावर गाडी प्लांटमधून निघाल्याची वेळ असते. एकच गाडी चाळीस मिनिटांत प्लांटवर जाऊन भरून परत आली असेल, तर त्या दिवशी मुंबईत वाहतूकच नव्हती असं मानावं लागेल.

जाडी ३० मिलिमीटरने कमी झाली तर याच रस्त्यावर २०० × ६ × ०.०३ = ३६ घनमीटर वाचतात. दर घनमीटरला ८,००० रुपये धरला तर २ लाख ८८ हजार. खरा दर तुमच्या निविदेतून घ्या. रस्त्याचं नुकसान मात्र या रकमेहून मोठं असतं, कारण पातळ स्लॅब बसच्या चाकाखाली कोपऱ्यातून तडकतो आणि मग वर डांबराचं ठिगळ लागतं.

पोलादाचं वजन काढायला एकच सूत्र पुरतं: व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो. सांध्यातल्या डॉवेल सळ्या (शेजारचे दोन स्लॅब जोडणाऱ्या) समजा ३२ मिलिमीटरच्या आणि अर्धा मीटर लांब. एकीचं वजन ३.१६ किलो. सांधे साडेचार मीटरवर असतील तर २०० मीटरमध्ये सुमारे ४४ सांधे. प्रत्येक सांध्यात २० सळ्या धरल्या तर ८८० सळ्या, म्हणजे जवळपास २.८ टन. बिलात ४ टन असतील तर प्रश्न तयार आहे. सळ्यांचा व्यास, लांबी आणि अंतर रेखाचित्रातून घ्या, इथले आकडे फक्त पद्धत दाखवायला आहेत.

डांबरी थरासाठी दाबलेल्या मिश्रणाची घनता घनमीटरला सुमारे २.३ ते २.४ टन धरा. १०० मीटर × ६ मीटर × ५० मिलिमीटर म्हणजे ३० घनमीटर, सुमारे ७० टन. ट्रकच्या वजनपावत्यांची बेरीज तिथपर्यंत पोचली पाहिजे.

ज्या आयटममध्ये जमिनीखालचं काम आहे, तिथे सर्वाधिक फुगवटा असतो, कारण नंतर बघायला काही उरत नाही. खोदकामाचा दर माती, मुरुम, मऊ खडक, कठीण खडक असा चढत जातो. मुंबईत बेसॉल्ट आहे हे खरं, पण भरावाच्या जमिनीवर वरच्या पाऊण मीटरमध्ये कठीण खडक लागला, असं एमबी म्हणत असेल तर उकरलेल्या चराचा फोटो कुठे आहे ते विचारा. डेब्रिज उचलणं हाही असाच आयटम. ७२० घनमीटर खोदलं तर ते मोकळं होऊन फुगतं. पंचवीस टक्के वाढ धरली तरी ९०० घनमीटर, दहा घनमीटरच्या डंपरला ९० फेऱ्या. बिलात १५० दिसल्या तर अभियंत्याने फुगवट्याचं कोष्टक काढून दाखवावं. पाणी उपसण्याचे पंप-तास, बॅरिकेडचं दिवसाचं भाडं, वाहतूक वॉर्डन हे किरकोळ वाटणारे आयटम काम रखडलं की आपोआप वाढतात. काम रखडवण्यात कुणाचा फायदा आहे, हे तिथे कळतं.

पुस्तिका कागद म्हणूनही तपासा. खाडाखोड कुठे आहे आणि तिच्यावर सही आहे का. मोजमापाची तारीख कार्यादेशाआधीची नाही ना. भर जुलैत, रस्त्यावर पाणी असताना, सलग तीन दिवस 'काँक्रीट घातलं' अशी नोंद नाही ना. दर खेपेला लांबी नेमकी २०.०० मीटर, रुंदी नेमकी ६.०० मीटर असेल तर ती मोजलेली नसून रेखाचित्रावरून उतरवलेली असण्याची शक्यता जास्त. खऱ्या रस्त्याची रुंदी ५.८५, ६.१०, ५.९५ अशी हलत असते. दरसूचीत नसलेल्या आयटमचं दरपृथक्करण (दर कसा काढला त्याची फोड) नीट वाचा; त्यात जोडलेली तीन कोटेशनं एकाच छापखान्यातून आल्यासारखी दिसणं नवीन नाही. बाकी आयटमचे दर महापालिकेच्या एकीकृत दरसूचीशी पडताळता येतात, निविदेत कोणत्या वर्षाची दरसूची लिहिली आहे ते बघूनच.

जागेवर मोजताना

रस्ता पूर्ण झाल्यावर लांबी-रुंदी मोजता येते, जाडी नाही. जाडी बघायची वेळ काँक्रीट पडण्याआधीची. कडेला लावलेल्या लोखंडी चॅनेलची उंची म्हणजे स्लॅबची जाडी. दोन्ही बाजूंच्या चॅनेलवर आडवी दोरी ताणून मधोमध खालच्या थरापर्यंतचं अंतर मोजा, कारण चॅनेल बरोबर ठेवून मध्ये थर उंच केलेला असतो. त्याच वेळी सांध्यातल्या सळ्या मोजून फोटो काढा, पट्टी फोटोत दिसू द्या, तारीख आणि स्थान उमटवणारं अ‍ॅप वापरा. ही मापं पदपथावरून, दिवसा, कामगार आणि यंत्रांपासून लांब राहून जमत असतील तरच घ्या. काम रात्री चालतं म्हणून रात्री एकट्याने बॅरिकेडच्या आत जाऊ नका. नंतरसाठीही संधी उरतात: अर्धवट थांबलेल्या कामाचं उघडं टोक, मॅनहोलची कड, केबलसाठी पुन्हा खोदलेला चर.

पाच-दहा मिलिमीटरचा फरक धरून बसू नका. प्रत्येक तपशिलाला चालण्याजोगी सूट असते, ती निविदेत लिहिलेली असते. तेवढ्यावर गाजावाजा केलात तर पुढची खरी तक्रारही हसण्यावारी जाते. आणि स्वतः ड्रिल लावून रस्त्याला भोक पाडू नका. कोअर, म्हणजे रस्त्यातून कापून काढलेला काँक्रीटचा गोल नमुना, हवा असेल तर लेखी मागणी करा, जागा तुम्ही सुचवा, नमुना दोघांसमोर सील करून दोघांच्या सह्या घ्या, आणि चाचणी माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या संस्थेत व्हावी असा आग्रह धरा.

चाचणी अहवाल वाचण्याचा नियम सोपा आहे. एम-४० म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन. कोअरमध्ये तीन नमुन्यांची सरासरी त्याच्या ८५ टक्के, म्हणजे ३४, आणि एकही नमुना ७५ टक्क्यांच्या, म्हणजे ३० च्या खाली नको. घनचाचणीच्या (काँक्रीट ओतताना घेतलेल्या ठोकळ्यांच्या चाचणीच्या) नमुन्यांचं प्रमाण निविदेत नसेल तर भारतीय मानक ४५६ प्रमाणे ३३६ घनमीटरला साधारण दहा नमुने, प्रत्येकी तीन घन. फाइलीत सहाच घनांचा अहवाल असेल तर बाकीचं काँक्रीट विश्वासावर घेतलं गेलं. सगळे निकाल ४८.१, ४८.३, ४८.२ असे एका सुरात आले तर सावध व्हा. प्रत्यक्षात ते वरखाली होतात.

'त्रयस्थ पक्षाने तपासलं आहे' हे ऐकून समाधान मानू नये. २०१६ च्या रस्ते घोटाळ्यात महापालिकेने ३४ रस्त्यांची चौकशी केली, तेव्हा त्याच तपासणीसाठी नेमलेल्या लेखापरीक्षक कंपन्यांच्या माणसांनाही अटक झाली होती. महालेखापरीक्षकांच्या अहवालात तर १३ कामांवर त्रयस्थ लेखापरीक्षक नेमलेलाच नव्हता. अलीकडे काँक्रीटीकरणावर आयआयटी मुंबईची देखरेख आहे. त्यांचे अहवाल मागा आणि त्यांनी काढलेल्या त्रुटींवर पुढे काय केलं, ते त्याहून आग्रहाने मागा.

नालेसफाईला हीच पद्धत, थोडी वेगळी

गाळाचं माप राहत नाही, फक्त कागद राहतो. म्हणून वाहन, वजनकाटा आणि टाकण्याची जागा या तीन गोष्टी धरा. २०१५ च्या नालेसफाई चौकशीत बनावट वजनपावत्या आणि वाहनांच्या खोट्या नोंदी पुढे आल्या होत्या. यादीतले वाहनक्रमांक परिवहन विभागाच्या अ‍ॅपवर टाका, वाहनाचा प्रकार दिसतो. गाळ वाहणारी रिक्षा सापडली की पुढचं बोलणं सोपं होतं. टाकण्याच्या जागेपर्यंत येऊन-जाऊन चार तास लागत असतील तर एका डंपरच्या दिवसाला सहाहून जास्त फेऱ्या होणार नाहीत. मिठी नदीच्या गाळप्रकरणी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला, त्यात सुमारे ६५ कोटींच्या नुकसानीचा आणि गाळ टाकण्याच्या जागांचे सामंजस्य करार बनावट असल्याचा आरोप आहे. त्यामुळे जमीनमालकाचं किंवा ग्रामपंचायतीचं संमतिपत्र मागवून तिथे एक चक्कर मारून या.

तक्रार

एक पान. वर रस्त्याचं नाव, कार्यादेश क्रमांक. खाली तक्ता: आयटम, निविदेतलं प्रमाण, एमबीतलं प्रमाण आणि पान क्रमांक, चलनांवरून किंवा जागेवरून निघालेलं प्रमाण, फरक, निविदेतल्या दराने रक्कम. शेवटी दोन मागण्या: संयुक्त मोजणी करा आणि तोवर पुढचं देयक थांबवा. 'भ्रष्ट', 'चोर', 'संगनमत' हे शब्द नकोत. ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आकड्यातला फरक समजावण्याची त्यांच्यावर.

पहिली प्रत कार्यकारी अभियंत्याला, सोबत वॉर्डाचे सहायक आयुक्त आणि महापालिकेचा दक्षता विभाग. पोच घ्या. महिन्याभरात हालचाल नसेल तर तीच तक्रार अतिरिक्त आयुक्तांकडे आणि महापालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकांकडे; लेखापरीक्षण खात्याला लोक विसरतात, पण देयकावर आक्षेप घेण्याची सवय त्याच खात्याला आहे. त्यानंतर लोकायुक्त. खोट्या नोंदींवर पैसे उचलल्याचं कागदावर दिसत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री क्रमांक १०६४. लोकसेवकाने पदावर घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायला २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७-अ खाली पूर्वमंजुरी लागते, म्हणून तिथे जाताना तक्ता पक्का हवा. लाचेची थेट मागणी आणि सापळा याला ती अट नाही. कंत्राटदाराला किंवा पुरवठादाराला लाच द्यायला भाग पाडलं असेल तर कायद्याने सात दिवस दिले आहेत. त्या आत कळवलं तर देणाऱ्यावर गुन्हा लागत नाही. आठव्या दिवशी तोही आरोपी होऊ शकतो.

तक्रार एकट्याच्या नावाने शक्यतो नको. सोसायटी, एएलएम (परिसरातल्या रहिवाशांचा गट), व्यापारी संघ अशा नावाने, तीन-चार सह्यांनी द्या आणि सगळे कागद किमान दोन घरांत ठेवा. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा २०१४ चा केंद्रीय कायदा संमत होऊनही अंमलात आलेला नाही, त्यामुळे ही काळजी आपली आपणच घ्यायची. तपासणी चालू असताना कंत्राटदाराचा माणूस 'बसून बोलू' म्हणाला तर लेखी पाठवायला सांगा.

दोषदायित्व संपण्याआधी

अंतिम देयक निघालं तरी सुरक्षा ठेवीचा काही भाग महापालिकेकडे अडकलेला असतो. दोषदायित्व कालावधी करारनाम्यात दिलेला असतो, अलीकडच्या मोठ्या काँक्रीट कंत्राटांत तो दहा वर्षांचा आहे. या काळात पडलेला खड्डा कंत्राटदाराने पदरमोड करून भरायचा. म्हणून खड्डा बुजवला जाताना गाडीवर नाव कुणाचं आहे ते बघा. वॉर्डाच्या वेगळ्या डागडुजी कंत्राटातून तो बुजवला जात असेल तर एकाच रस्त्यासाठी दोनदा पैसे जातात, आणि दोन्ही कंत्राटांची देयकं शेजारी ठेवली की ते लगेच दिसतं. कालावधी संपायच्या तीन महिने आधी तडे, खचलेले सांधे, बसलेली मॅनहोलं यांची फोटोंसह यादी लेखी द्या आणि दुरुस्ती होईपर्यंत ठेव परत करू नये असं त्यात नमूद करा. ठेव एकदा परत गेली की ती दुरुस्ती महापालिकेच्या तिजोरीतून होते.